इन्स्टॉलची पट्टी अडकली? टक्का सोडा, टप्पा बघा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून माझ्याकडे घरातल्या आणि शेजारपाजारच्या जुन्या लॅपटॉपांची रांग लागलीय, कुणाला ११ टाकून हवंय, ज्यांचं मशीन ११ च्या अटीत बसत नाही त्यांना उबुंटू नाहीतर मिंट, म्हणजे लिनक्स. काही जण स्वतः करून बघतात, आणि त्या सगळ्यांचा फोन एकाच वेळी येतो, पट्टी थांबली की. परवा आत्याचा आला.

"अरे, पाऊण तास झाला, त्रेसष्टच्या पुढे जातच नाहीये. बटण दाबून बंद करू का?"

"आत्या, बटणाला हात लावू नकोस. आकडा सोड, त्याच्या खाली काय लिहिलंय ते वाच."

तिने वाचलं, डिव्हाइस तयार करतोय अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य होतं. मी विचारलं प्रिंटरची वायर लावलेली आहे का, तर म्हणे आहे की, कायमच असते. ती काढायला लावली आणि दहा मिनिटांत मशीन पुढे सरकलं.

त्रेसष्ट या आकड्यावरून मला काहीच कळलं नसतं, त्या एका वाक्यावरून सगळं कळलं. म्हणून हा लेख. इन्स्टॉल चालू असताना स्क्रीनवरची कुठली खूण खरी धरायची, कुठे कितीही वेळ लागला तरी थांबायचं आणि कुठे बिनधास्त बंद करून परत सुरू करायचं, हे सगळं पहिल्यापासून क्रमाने लिहितोय.

पट्टी नेमकं मोजते काय

इन्स्टॉलरला किती वेळ लागणार हे माहीत नसतं, त्याला फक्त कामं किती आहेत ते माहीत असतं. घर बदलताना टेंपोवाल्याला सांगितलं की एकूण चाळीस नग आहेत, तर एकोणचाळीस खोकी वीस मिनिटांत उतरतात आणि शेवटचं लोखंडी कपाट जिन्यातून वर न्यायला अर्धा तास लागतो. नग मोजले तर काम ९७ टक्के झालंय, वेळ मोजला तर निम्मंही नाही. बहुतेक इन्स्टॉलरची पट्टी अशीच नगांवर चालते. कुठे फाइली मोजतात, कुठे किती एमबी उलगडल्या ते मोजतात, आणि बऱ्याच ठिकाणी बनवणाऱ्याने प्रत्येक कामाला आधीच एक वजन देऊन ठेवलेलं असतं, म्हणजे डिस्क तयार करणं इतके टक्के, कॉपी इतके टक्के, बूटलोडर (मशीन चालू होताना सिस्टिम उठवणारा छोटा प्रोग्रॅम) इतके. ते वजन ठरवताना त्याच्यासमोर तुमचा नऊ वर्षं जुना हार्डडिस्कवाला लॅपटॉप नव्हता.

ज्यांनी विंडोज एक्सपी टाकलाय त्यांना हे चांगलं आठवत असेल. २००१ चा तो इन्स्टॉलर, आधी निळ्या स्क्रीनवर पिवळी पट्टी, मग रीस्टार्ट, मग डाव्या बाजूला अजून साधारण ३९ मिनिटं लागतील असं वाक्य. ३४ च्या आसपास डिव्हाइस ओळखायचं काम आलं की स्क्रीन एक-दोनदा लुकलुकायची आणि आकडा तिथेच बसून राहायचा, पुढे मात्र पटापट उतरायचा. मिनिटं लिहिलेली असली तरी ती घड्याळातली मिनिटं नव्हतीच.

मग पट्टी ठेवतातच कशाला? कारण ती नसली तर माणूस आणखी घाबरतो. ब्रॅड मायर्स यांनी १९८५ सालीच प्रयोग करून दाखवलं होतं की किती टक्के काम झालं हे दिसत असलं तर लोकांना ते आवडतं. पुढे २००७ मध्ये ख्रिस हॅरिसन आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या चालीच्या पट्ट्या लोकांना दाखवल्या तेव्हा असं दिसलं की पट्टी शेवटाजवळ थबकली की तोच वेळ लोकांना जास्त लांब वाटतो. आणि इन्स्टॉलमध्ये नेमकी ज्यांच्या वेळेचा भरवसा नाही अशी कामं शेवटालाच येतात, बूटलोडर, इनिटरॅमएफएस (लिनक्स सुरू होताना आधी रॅममध्ये चढणारा फाइलींचा गठ्ठा), ड्रायव्हर. त्यामुळे ९० च्या पुढे जीव टांगणीला लागतो तो काही तुमच्या मशीनचाच दोष असतो असं नाही.

आता गोल फिरणाऱ्या ठिपक्यांबद्दल. ते कामाचं काहीच मोजत नाहीत. स्क्रीन रंगवणारा भाग जिवंत आहे एवढंच ते सांगतात. ठिपके फिरतायत म्हणजे काम चालू आहे असं होत नाही, पण ठिपके मध्येच गोठले आणि माऊसचा बाणही हलत नसेल तर मात्र मशीन हँग असण्याची शक्यता बरीच.

सुरू करायच्या आधी: स्वतःचा अंदाज काढा

ही पायरी सगळे सोडतात आणि म्हणून नंतर घाबरतात. आपल्या मशीनला किती वेळ लागायला हवा याचा ढोबळ आकडा डोक्यात असला की पट्टी काहीही सांगो. समजा इमेज, म्हणजे इन्स्टॉलची अख्खी फाइल, ६ जीबीची आहे आणि पेनड्राइव्ह सेकंदाला २५ एमबी वाचतो, तर नुसतं वाचायलाच ४ मिनिटं. तोच पेनड्राइव्ह स्वस्तातला असेल आणि ५ एमबीनेच वाचत असेल तर २० मिनिटं. त्यावर उलगडायचं काम आलं, ते प्रोसेसरचं, आणि लिहायचं काम आलं, ते डिस्कचं. एसएसडी असेल तर लिहिण्याची काळजी नको, जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर लहान लहान हजारो फाइली लिहिताना तिचा जीव निघतो. त्यामुळे एकच पेनड्राइव्ह एका मशीनला पंधरा मिनिटांत मोकळा करतो आणि दुसऱ्याला सव्वा तास धरून ठेवतो, दोन्ही अगदी बरोबर चाललेले असतात.

पेनड्राइव्ह बनवताना जी पट्टी दिसते तीसुद्धा फसवते. लिनक्सवर फाइल मॅनेजरने किंवा डीडी कमांडने कॉपी केलं की पट्टी सुरुवातीला धावते, कारण डेटा आधी रॅममध्ये जातो आणि पेनड्राइव्हवर मागाहून हळूहळू उतरतो. पट्टी १०० झाली म्हणून लगेच उपसलात तर इमेज अर्धवट राहते, आणि मग दोन दिवसांनी इन्स्टॉल अमुक टक्क्यांवर अडकतं आणि तुम्ही शिव्या इन्स्टॉलरला घालता. डीडी संपल्यावर सिंक ही कमांड द्या आणि ती पूर्ण होईपर्यंत थांबा, किंवा इजेक्ट करून काढायला हरकत नाही असा मेसेज येऊ द्या. एचर हा इमेज लिहिणारा प्रोग्रॅम वापरत असाल तर लिहून झाल्यावर तो दुसरी पट्टी दाखवतो, पडताळणीची. ती कंटाळून स्किप करू नका, माझ्या मते अख्ख्या कामातली सगळ्यात उपयोगी पट्टी तीच आहे. डाउनलोड केलेल्या फाइलचा शा २५६ चेकसम, म्हणजे फाइलच्या डेटावरून निघणारा ओळखीचा आकडा, साइटवरच्याशी जुळवून बघा, विंडोजवर सर्टयुटिल नावाची कमांड त्यासाठी आधीपासूनच असते. फेडोरा लिनक्सच्या बूट मेनूत मीडिया तपासून सुरू करा असा पर्याय असतो तो निवडा, आणि उबुंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरूनच सिस्टिम चालते तो) बूट होतानाच फाइली तपासतो तेव्हा कंट्रोल सी दाबून ते तोडू नका.

मग लाईटचं. आपल्याकडे पावसाळ्यात किंवा भर उन्हाळ्यात दुपारी डेस्कटॉपवर इन्स्टॉल सुरू करायचं असेल तर यूपीएस हवाच, नुसत्या इन्व्हर्टरवर भरवसा ठेवू नका कारण लाईट जाऊन इन्व्हर्टर लागेपर्यंतच्या त्या क्षणात पुष्कळ डेस्कटॉप रीस्टार्ट होतात. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरलेली आणि चार्जरही लावलेला. अजून एक गोष्ट लक्षात येत नाही, लाईट गेली की राउटर पण जातो. इन्स्टॉलर नेटवरून पॅकेज, म्हणजे प्रोग्रॅमचे गठ्ठे, ओढत असेल तर लॅपटॉप चालू असूनही पट्टी थांबणार. म्हणून उबुंटूत इन्स्टॉल करतानाच अपडेट डाउनलोड करा वगैरे टिक असतात त्या मी काढूनच टाकतो, अपडेट नंतर सावकाश घेता येतात.

आणि बॅकअप. तो का, ते पुढे येईल.

विंडोज: कुठल्या टप्प्यावर काय चाललेलं असतं

व्हिस्टापासून विंडोजच्या सेटअपमध्ये एक मोठी आवळलेली इमेज असते आणि ती डिस्कवर उलगडली जाते. जुन्या दिसण्याच्या सेटअपमध्ये पाच ओळी दिसतात, फाइल कॉपी करणं, फाइल तयार करणं, फीचर टाकणं, अपडेट टाकणं आणि आवराआवर. यातली दुसरी ओळ खरी जड, बहुतेक वेळ तिथेच जातो, ती उलगडते आणि लिहिते. तिसरी-चौथी ओळ बऱ्याचदा क्षणात पार होते, त्यामुळे दुसऱ्या ओळीत ६० टक्के झाले म्हणजे एकूण ६० झाले असं समजू नका. विंडोज ११ च्या २४एच२ या व्हर्जनपासूनच्या सेटअपमध्ये या ओळी गेल्या आणि एकच टक्का उरला, दिसायला छान आहे पण मला जुनं जास्त आवडायचं कारण टप्प्याचं नाव समोर असायचं.

पहिला रीस्टार्ट होतो तिथे नवख्यांची हमखास एक चूक होते. पेनड्राइव्ह तसाच लावलेला असतो, मशीन परत त्याच्यावरूनच बूट होतं आणि भाषा निवडा वाली पहिली स्क्रीन येते. लोकांना वाटतं पट्टी परत शून्यावर गेली, काम वाया गेलं, आणि ते बिचारे दुसऱ्यांदा सगळं फॉरमॅट मारतात. तसं काही झालेलं नसतं. मशीन बंद करा, पेनड्राइव्ह काढा, परत चालू करा, डिस्कवरून पुढचा टप्पा आपोआप सुरू होतो. कुठलंही बटण दाबा असं स्क्रीनवर आलं तर दाबू नका.

रीस्टार्टनंतर डिव्हाइस तयार करण्याचा टप्पा येतो, हाच आत्याचा टप्पा. इथे विंडोज एकेक हार्डवेअर ओळखून ड्रायव्हर लावत असतं, त्यातलं एखादं नीट उत्तर देत नसेल तर सगळं खोळंबतं. म्हणून प्रिंटर, डोंगल, कार्ड रीडर, बाहेरची हार्डडिस्क, सगळं आधीच काढून ठेवा, फक्त कीबोर्ड आणि माऊस राहू द्या. त्यानंतर देश, वायफाय आणि खातं विचारणाऱ्या स्क्रीन, आणि तिथे अपडेट शोधतोय असं आलं की पुढचा वेळ तुमच्या नेटवर अवलंबून, मोबाइल हॉटस्पॉटवर असाल तर धीर धरा.

हे झालं कोऱ्या डिस्कवर टाकण्याचं. १० वरून ११ ला अपग्रेड करत असाल तर प्रकार वेगळा आहे. त्यात चार टप्पे असतात, पहिला तुमच्या चालू विंडोजमध्येच, दुसरा एका छोट्या सुरक्षित विंडोजमध्ये, तिसरा आणि चौथा नव्या विंडोजच्या पहिल्या-दुसऱ्या बूटमध्ये. मध्ये काही बिघडलं तर ते स्वतःहून मागे फिरतं आणि केलेले बदल काढतोय असं लिहून येतं. ते वाक्य दिसलं की लोक हताश होऊन बटण दाबतात, आणि तसं करू नये, कारण त्या क्षणी ते तुमचं जुनं विंडोज जागेवर ठेवत असतं. रात्रभर लागली तरी लागू दे.

लिनक्स: जिथे आत डोकावता येतं

लिनक्स टाकणाऱ्यांना मी नेहमी सांगतो की तुम्ही जास्त सुखी आहात, कारण पट्टीच्या मागे काय चाललंय ते सरळ बघता येतं. उबुंटू, मिंट किंवा कॅलामारेस इन्स्टॉलर वापरणारं मांजारो घ्या, त्यात आधी स्क्वॉशएफएस नावाची आवळलेली इमेज डिस्कवर उलगडते आणि पट्टी बऱ्यापैकी सारखी सरकते. मग पॅकेजची मांडणी, भाषा, इनिटरॅमएफएस बनवणं आणि शेवटी ग्रब, म्हणजे लिनक्सचा बूटलोडर. इनिटरॅमएफएसला जुन्या प्रोसेसरवर काही मिनिटं सहज लागतात आणि त्या वेळात पट्टी अजिबात हलत नाही. ग्रबच्या वेळी ओएस-प्रोबर नावाचा प्रोग्रॅम बाकीच्या सगळ्या डिस्कवर दुसऱ्या सिस्टिम शोधत फिरतो, बाहेरची दोन टीबीची डिस्क लावून ठेवलीत तर तीही तो चाळतो. इथेही उपाय तोच, नको ते आधीच काढून ठेवा.

डेबियन या लिनक्सचा इन्स्टॉलर पॅकेज एकेक करून लावतो, म्हणून फिरत्या हार्डडिस्कवर तो इमेजवाल्या इन्स्टॉलरपेक्षा सावकाश चालतो. हा दोष नाही. डेबियनच्या ग्राफिकल इन्स्टॉलरमध्ये भाषांच्या यादीत मराठीही आहे हे खूप जणांना माहीत नाही, घरातल्या कुणाला शेजारी बसून लक्ष ठेवायला सांगायचं असेल तर मी मराठीच निवडतो, टप्प्याचं नाव त्यांना वाचता येतं आणि फोनवर सांगता येतं.

डेबियनमध्ये एक टप्पा असा आहे की जिथे माणसं तासन् तास अडकतात. डिस्क एन्क्रिप्ट करायचा, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी करायचा, पर्याय निवडला की तो आधी सगळी जागा पुसून काढतो. १ टीबीची डिस्क सेकंदाला १०० एमबीने पुसली तर १०,००० सेकंद, म्हणजे पावणेतीन तास, आणि पट्टी मुंगीच्या पावलाने. इथे कॅन्सल दाबलेलं चालतं, इन्स्टॉल पुढे जातं, फक्त डिस्कवरचा जुना डेटा पुसायचा राहतो. डिस्क नवी कोरी असेल तर मी कॅन्सल करतो, आधी कुणाची तरी वापरलेली असेल तर पुसू देतो.

मॅकचं थोडक्यात सांगतो. त्याचा इन्स्टॉलर राहिलेली मिनिटं दाखवतो पण शेवटचं एक मिनिट खूप ताणलं जाऊ शकतं, मध्ये स्क्रीन काळी होते, दोन-तीनदा रीस्टार्ट होतो, सगळं नेहमीचं. इन्स्टॉलरची खिडकी समोर असेल तर कमांड एल दाबा, लॉग, म्हणजे चाललेल्या कामाची नोंद, उघडतो.

अडकलंय असं वाटलं की या क्रमाने बघा

आधी घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा, आकडा आणि टप्प्याचं वाक्यही, मोबाइलने फोटो काढलात तर उत्तमच. मनातला अर्धा तास पुष्कळदा नऊ मिनिटांचा निघतो.

मग कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतोय-विझतोय तर सिस्टिमचा गाभा जिवंत आहे. काहीच होत नसेल तर काळजीचं कारण आहे. आणि लिनक्स टाकताना कॅप्स लॉकचा दिवा आपोआपच लुकलुकत असेल तर ते कर्नल पॅनिक, म्हणजे गाभाच कोसळलाय, तिथे वाट बघून उपयोग नाही.

त्यानंतर डिस्क काम करतेय का ते बघा. मशीनला हार्डडिस्कचा दिवा असेल तर तो, पेनड्राइव्हला दिवा असेल तर तो, फिरती डिस्क असेल तर कान लावून आवाज ऐका. कुरकुर चालू आहे म्हणजे काम चालू आहे, पण टक-टक, थांबा, परत टक-टक असा एकसारखा ठोका येत असेल तर डिस्क एकाच जागी वाचायचा प्रयत्न करतेय आणि तिला ते जमत नाहीये.

आता आत डोकावा. विंडोजमध्ये शिफ्ट आणि एफ१० दाबा, काही लॅपटॉपवर एफएन पण धरावा लागतो, काळी कमांडची खिडकी उघडते. त्यात नोटपॅड लिहून एंटर मारा, नोटपॅडच्या ओपन खिडकीतून फाइली बघता येतात. एक्स ड्राइव्हवर विंडोजच्या आत पँथर नावाचं फोल्डर आहे, त्यात सेटअपअ‍ॅक्ट नावाची लॉग फाइल. प्रकार निवडायच्या जागी सगळ्या फाइली असं करा नाहीतर ती दिसणार नाही. उघडून शेवटच्या ओळीची वेळ बघा, बंद करा, पाच मिनिटांनी परत उघडा, ओळी वाढल्या असतील तर गाडी चालू आहे. उलगडण्याच्या लांब टप्प्यात लॉग गप्प असू शकतो, तेव्हा ज्या ड्राइव्हवर विंडोज जातंय त्याचं डीआयआर करा, सगळ्यात खाली किती बाइट मोकळे आहेत ते येतं, दोन मिनिटांनी परत करा. मोकळी जागा कमी होतेय म्हणजे लिहिलं जातंय. ड्राइव्हचं अक्षर कुठलं ते कळत नसेल तर डिस्कपार्ट ही कमांड देऊन त्यात लिस्ट व्हॉल्यूम एवढंच लिहा आणि एक्झिट करून बाहेर या, त्यात दुसरं काहीही टाइप करू नका, डिस्कपार्ट परत विचारत नाही, सरळ पुसून मोकळं होतं.

उबुंटू, मिंटमध्ये लाइव्ह सिस्टिमच चालू असते त्यामुळे टर्मिनल उघडा. डीएफ कमांड दोनदा, मध्ये एखादं मिनिट सोडून, आणि टार्गेट नावाच्या जागेचा भरलेला आकडा वाढतोय का बघा. व्हीएमस्टॅट लिहून स्पेस देऊन २ लिहिलंत तर दर दोन सेकंदांनी एक ओळ येत राहते, त्यात बीओ नावाच्या रकान्यात शून्याशिवाय आकडे येतायत म्हणजे डिस्कवर लिहिलं जातंय. आणि सुडो लावून डीमेसेज (dmesg) करा, शेवटच्या ओळींत आयओ एरर अशी अक्षरं वारंवार दिसली तर वाट बघणं सोडा. डेबियनमध्ये कंट्रोल, डावा ऑल्ट आणि एफ४ दाबलं की थेट लॉग दिसतो, ग्राफिकल इन्स्टॉलरकडे परत यायला ऑल्ट एफ५, साध्या अक्षरांच्या इन्स्टॉलरकडे ऑल्ट एफ१. फेडोराचा इन्स्टॉलर अ‍ॅनाकोंडा त्याचे लॉग टीएमपी फोल्डरात ठेवतो, अ‍ॅनाकोंडा, स्टोरेज, प्रोग्रॅम आणि पॅकेजिंग अशा वेगवेगळ्या नावांनी, त्यामुळे कुठल्या कामात अडकलाय ते फाइलच्या नावावरूनच कळतं.

माझा स्वतःचा नियम असा: लॉग किंवा मोकळी जागा हलतेय तोवर कितीही वेळ लागू दे. दोन्ही गप्प आणि डिस्कही शांत, तर एसएसडीवर अर्धा तास आणि हार्डडिस्कवर दोन तास थांबतो, त्यानंतरच हात लावतो. याला एक अपवाद आहे.

जिथे कधीच बंद करायचं नाही

कोऱ्या डिस्कवर विंडोज किंवा लिनक्स टाकत असाल आणि मध्येच बंद पडलं तर फार काही बिघडत नाही, डिस्क तशीही पुसलेलीच होती, परत सुरू करा. खरा धोका आहे तो पार्टिशन, म्हणजे डिस्कचा पाडलेला भाग, लहान करण्याच्या किंवा सरकवण्याच्या टप्प्यात, म्हणजे विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकताना. त्या वेळी तुमच्याच फाइली डिस्कवर एका जागेहून दुसऱ्या जागी जात असतात. जीपार्टेड या पार्टिशन बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पार्टिशनची सुरुवात पुढेमागे सरकवली की आतला सगळा डेटा उचलून परत लिहावा लागतो, ३०० जीबी असेल आणि सेकंदाला ६० एमबीने चालला तर जवळजवळ दीड तास. निम्मा डेटा जुन्या जागी आणि निम्मा नव्या जागी अशा अवस्थेत वीज गेली किंवा तुम्ही बंद केलं तर दोन्ही बाजूंना तुटलेलं राहतं.

मी हे एकदा केलंय. पट्टी चाळीस मिनिटं हलली नाही, मला वाटलं हँग झालं, बटण दाबून धरलं. त्या पार्टिशनवर आजोबांच्या आवाजातल्या कीर्तनाच्या रेकॉर्डिंग होत्या आणि त्यांची दुसरी कॉपी नव्हती. पुढचे दोन आठवडे रिकव्हरीचे प्रोग्रॅम लावून बसलो, काही तुकडे मिळाले, पूर्ण कीर्तन एकही मिळालं नाही. तेव्हापासून पार्टिशनला हात लावायच्या आधी डेटा दुसऱ्या डिस्कवर गेला पाहिजे आणि त्यातल्या दोन-चार फाइली उघडून बघितल्या पाहिजेत, याशिवाय मी कुणाचंही मशीन घेत नाही. शिवाय विंडोजचं पार्टिशन लहान करायचं असेल तर ते विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून आधी करून घ्या आणि इन्स्टॉलरला नुसती मोकळी जागा द्या, म्हणजे हा टप्पा इन्स्टॉलमध्ये येतच नाही.

दुसरा असाच टप्पा बायोसच्या, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅमच्या, अपडेटचा, कधीकधी अपग्रेडच्या आधी तो करायला सांगतात. त्याची पट्टी छोटीच असते, पण ती चालू असताना वीज गेली तर मशीन चालू व्हायचंच बंद होऊ शकतं. लॅपटॉप चार्जरवर ठेवा आणि स्क्रीन काळी झाली तरी हलू नका.

बंद करायचंच ठरलं तर

आधी कॅन्सल बटण आहे का बघा, ते हळू उत्तर देतं, दाबल्यावर पाच मिनिटं द्या. लिनक्समध्ये स्क्रीन गोठली असेल तर पॉवर बटणाच्या आधी ऑल्ट आणि सिसआरक्यू, म्हणजे प्रिंटस्क्रीनचं बटण, धरून ठेवा आणि सावकाश एस, यू, बी दाबा, मध्ये दोन-दोन सेकंद सोडून. रॅममधला डेटा डिस्कवर उतरतो, डिस्क फक्त वाचण्यापुरती लावली जाते आणि मशीन रीस्टार्ट होतं. तेही नाही झालं तर पॉवर बटण दहा सेकंद.

परत सुरू करताना कोऱ्या इन्स्टॉलमध्ये आधीची अर्धवट पार्टिशन काढून टाकून पहिल्यापासून करा, अर्ध्यावर जोडकाम नको. मात्र डेटाचं पार्टिशन कुठलं ते साइज बघून दोनदा खात्री करा. उबुंटू किंवा डेबियन एका व्हर्जनवरून दुसऱ्यावर नेताना मध्येच तुटलं असेल तर सुडो लावून डीपीकेजी या पॅकेज लावणाऱ्या कमांडला कॉन्फिगर, ए असे पर्याय देऊन (dpkg --configure -a) अर्धवट राहिलेली पॅकेज पूर्ण करता येतात, पुष्कळदा तेवढ्यानेच मशीन उभं राहतं.

दुसऱ्यांदाही अडकलं तर

इथे लिहून ठेवलेला आकडा कामाला येतो, आत्तापर्यंत आपण ज्याला किंमत दिली नाही तोच. दोन्ही वेळा अगदी त्याच जागी अडकलं, तर बहुतेक पेनड्राइव्हवरची एखादी फाइल खराब आहे किंवा डिस्कचा एक ठरावीक भाग गेलाय. वेगवेगळ्या जागी अडकलं, एकदा २० वर आणि एकदा ७१ वर, तर रॅम, तापमान किंवा वीजपुरवठ्यावर संशय घ्या. विंडोजमध्ये शेवटी ८००७०५७० असलेला एरर आला तर त्याचा अर्थ फाइल खराब आहे, आणि त्यामागे पेनड्राइव्ह, रॅम किंवा डिस्क यातलं काहीही असू शकतं.

मी आधी पोर्ट बदलतो, पुढचा सोडून मागचा, यूएसबी ३ चा सोडून २ चा. मग दुसऱ्या पेनड्राइव्हवर नव्याने इमेज लिहितो. मग उबुंटूच्या लाइव्हमधलं डिस्क्स अ‍ॅप उघडून हार्डडिस्कचा स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद, बघतो. त्यात ५ नंबर म्हणजे बदललेले सेक्टर आणि १९७ म्हणजे वाचता न आलेले, बदलायची वाट बघणारे सेक्टर. १९७ शून्याच्या वर असेल तर त्या डिस्कवर वेळ घालवत नाही, आधी डेटा काढून घेतो आणि एसएसडी टाकायला सांगतो. १९९ वाढत असेल तर डिस्क ठीक असून केबल सैल किंवा खराब असू शकते, डेस्कटॉपमध्ये नवी केबल लावली की अडचण सुटते. शेवटी मेमटेस्ट८६ प्लस हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर लावून ठेवतो, एक जरी लाल ओळ आली तरी रॅमच्या पट्ट्या एकेक काढून परत तपासायच्या.

लिनक्स सुरुवातीलाच काळ्या स्क्रीनवर थांबत असेल आणि मशीनमध्ये एनव्हीडियाचं कार्ड असेल तर बूट मेनूतला सेफ ग्राफिक्सचा पर्याय निवडा, अशा वेळी आतलं काम बरोबर चाललेलं असतं, फक्त चित्र दिसत नसतं असं मी दोनदा बघितलंय.

एवढं सगळं झालं आणि पट्टी १०० ला पोचली की लगेच झाकण मिटू नका. पेनड्राइव्ह काढून दोनदा रीस्टार्ट करा, पहिल्या बूटला बरीच कामं मागे चालू असतात, विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून डिस्कचा आकडा खाली येईपर्यंत मशीन चार्जरवरच राहू द्या. आणि टप्प्याटप्प्याला लागलेला वेळ एका वहीत लिहून ठेवा, मशीनचं नाव, डिस्क कुठली, पेनड्राइव्ह कुठला. माझ्या वहीत आत्याच्या लॅपटॉपच्या पानावर लिहिलंय: हार्डडिस्क, उलगडायला ५२ मिनिटं, डिव्हाइसला ४८, प्रिंटर आधी काढणे.